प्रोकोलोचा उरलेला शब्द

पोझ्झुओली,
३ मे २०११

प्रिय एल्विरा,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. ओळखून ते दोन दिवस फ्रिजवर ठेवून द्यायचा तुझा विचारही असेल. नको असलेली पत्रं तू तिथेच ठेवायचीस, विजेच्या बिलांसोबत. या वेळी तेवढं करू नकोस. मला शनिवारच्या आत उत्तर हवं आहे. आणि घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. प्रोकोलो जिवंत आहे. गेल्या नोव्हेंबरात, त्याच्या नावाच्या संताच्या सणाच्या आदल्या दिवशी, दाढी करता करता खाली बसला तो उठलाच नाही. अर्धांगाचा झटका. उजवं अंग गेलं. वाचा गेली. म्हणजे जीभ आहे जागेवर, जेवतोबिवतो, पण शब्द गेले. ओलिंपिया गेलं, इम्मा गेलं, पाणी, पाव, संडास, सगळं गेलं. एकच शब्द उरला. कुठला ते तुला सांगायला नको, तरी सांगते, मासळीच्या गाळ्यावर येईल त्या बाईला सुंदरी म्हणून हाक मारायचा तोच. बेल्ला.

हसू आलं असेल तर हस. मीही पहिल्या दिवशी इस्पितळात हसले होते, आणि नर्सने मला खुर्चीत बसवून पाणी दिलं होतं. तहान लागली की बेल्ला. सूप गरम लागलं की बेल्ला. दाढीवाला डॉक्टर त्याच्या पायाच्या तळव्याला किल्ली घासतो, त्यालाही बेल्ला. फादर लिबेरातो प्रसाद घेऊन आले, तर त्यांच्या तोंडाकडे बघून इतक्या प्रेमाने बेल्ला म्हणाला की फादर म्हणाले, "प्रोकोलो, चाळीस वर्षं हा झगा घालतोय, आजवर कुणी म्हणालं नव्हतं रे!" चिडतो तेव्हाही तेच. गळ्याच्या शिरा फुगतात, डाव्या हाताने चमचा भिरकावतो आणि बेल्ला, बेल्ला, बेल्ला असा ओरडतो की भिंती हादरतात. तो शिव्या देतोय हे मला कळतं. खालच्या मजल्यावरच्या जुस्तिनाला कळत नाही. ती जिन्यात भेटली की डोळा मारते. "काय गं ओलिंपिया, सत्तरीला टेकलात तरी तुमचं बरं चाललंय!"

आठवड्यातून दोनदा एक पोरगी येते, बोलायला शिकवणारी. बोलोन्याची आहे, शुद्ध बोलते, पायात पुरुषांसारखे बूट. चित्रांचे पत्ते घेऊन बसते. किल्ली दाखवली, बेल्ला. कुत्रा दाखवला, बेल्ला. होडी, छत्री, दिवा, बेल्ला, बेल्ला, बेल्ला. एक पत्ता माशाचा निघाला. तो त्याने हातातच घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग म्हणाला तेच. मी त्या पोरीला विचारलं, बाई, सगळे शब्द जाऊन हाच का राहिला? ती म्हणाली, "पूर येऊन गेला की रान सगळं बुजतं, पण ज्या पायवाटेवरून माणूस रोज चाललेला असतो तेवढी दिसत राहते. यांनी हा शब्द फार वापरला होता का?" मी म्हटलं, थोडाफार.

आता शनिवारचं सांगते, कारण खरी गोष्ट ती आहे. इम्मा मोदेनाहून आली आहे. शाळेत मुख्याध्यापिका झाली ती आता, आणि घरातही तशीच बोलते. तिने वरच्या टेकडीवरच्या नन्सच्या वृद्धाश्रमात प्रोकोलोसाठी खाट धरून ठेवली आहे. कागद आणून टेबलावर ठेवलेत, शनिवारी सही करायची आहे. "मम्मा, तू अडुसष्ट वर्षांची. तो ऐंशी किलोचा. एकटीने हे व्हायचं नाही. एक तर दुसरं माणूस आण, कायमचं, भरवशाचं, नाहीतर सही कर. तिसरी गोष्ट मला सांगू नकोस." मी म्हटलं, जमतंय की मला. तेव्हा तिने फक्त न्हाणीघराकडे बोट दाखवलं.

त्याचं असं झालं. तीन आठवड्यांपूर्वी त्याला आंघोळीच्या स्टुलावरून उठवताना माझा पाय घसरला. तो खाली आणि मी त्याच्याखाली. हाड मोडलं नाही, पण ऐंशी किलो अंगावर घेऊन उठायचं कसं? चाळीस मिनिटं पडून होतो. माझं तोंड भिंतीकडे, त्याचं छताकडे. मी जुस्तिनाला हाका मारत होते. तिचा टीव्ही लागलेला. आणि तो माझ्या कानाशी, अगदी हळू, त्या छताला, त्या दिव्याला, नळातून टपकणाऱ्या पाण्याला, बेल्ला म्हणत होता. घाबरला होता गं. मी पण घाबरले होते, फक्त मला दुसरेही शब्द येतात म्हणून मी देवाला हाका मारल्या.

पगारी बायका ठेवून बघितल्या, नाही असं नाही. पहिली दिवसभर फोनवर. दुसरी कामाला चांगली होती, पण त्याच्यापुढे टाळ्या वाजवायची. "शाब्बास आजोबा! खाल्लं आजोबांनी! कोण गुणी बाळ?" पन्नास वर्षं ज्याने बंदरावर आवाज टाकला की तीन गल्ल्यांतून बायका पिशव्या घेऊन निघायच्या, त्या माणसाला टाळ्या. तो काही दिवस बघत राहिला, आणि एका दुपारी घास तोंडात धरून रडला. मी तिला तिथल्या तिथे चप्पल घालायला सांगितलं. तिसरी माझी भाची, ती दोन दिवसांत कंटाळली. तेव्हा मला कळलं की मला हात नको आहेत. हात मिळतात. हा माणूस काय होता हे ज्याला माहीत आहे असं कुणीतरी हवं आहे, आणि तशी माणसं आता एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

तो काय होता ते मी तुला काय सांगणार म्हणा. पण मी आजकाल रिकामी बसले की मागचंच चघळत असते, तर थोडं तूही ऐक. माझे सासरे, आनिएल्लो, तुला आठवत असतील. वजनात मारायचे पण जिभेने भरून द्यायचे. प्रोकोलोला त्यांनी बारा वर्षांचा असताना गाळ्यावर उभा केला आणि सुरी हातात द्यायच्या आधी हा शब्द दिला. बाई दिसली की बेल्ला. आठ वर्षांची असो की ऐंशीची. चेहरा बघून म्हणायचं नाही, कारण चेहरा बघितला की माणूस निवड करायला लागतो, आणि निवड केली की गिऱ्हाईक गेलं. "बोलणाऱ्याच्या तारल्याही खपतात पोरा, मुक्याची कोळंबी सडते. फक्त एक लक्षात ठेव. एकीलाही वगळायचं नाही. जिला वगळशील तिचं नाव संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराच्या तोंडी होईल." हे सासऱ्यांनी मला स्वतः सांगितलं होतं, लग्नानंतर, तारल्या साफ करताना. धंद्याचा नियम म्हणून सांगितलं. मी पण तसंच ऐकलं.

मला तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आईसाठी शिंपल्या घ्यायला गेले होते. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. दुसऱ्या दिवशी केस धुऊन पुन्हा गेले. माझ्यापुढे पोस्टमास्तरची बायको, गळ्याला हे एवढं गलगंड. "काय देऊ, बेल्ला?" मग माझ्याकडे वळून, "आणि तुला गं, बेल्ला?" तोच सूर, तेच माप, तराजूत घालून द्यावं तसं. शहाणी मुलगी तिथूनच परतली असती. मी शिंपल्या घेतल्या, आणि पुढच्या वर्षी त्यालाही. घरी पण तेच चालायचं. कॉफी हातात दिली की बेल्ला, मोजा सापडला की बेल्ला. इम्मा झाली तेव्हा मला बेल्ला, दाईला बेल्ला, आणि त्या सोललेल्या टोमॅटोसारख्या पोरीलाही बेल्ला. मी तक्रार केली नाही. दुसऱ्यांचे नवरे तेवढंही म्हणत नव्हते. तुझा मिम्मी, देव त्याला शांती देवो, प्रोचिदा बेटाच्या फेरीबोटीवरून घरी आला की फक्त बूट काढायचा.

आपलं व्हिया नापोली रस्त्यावरचं घर आठवतं का? समोरासमोर दारं, आणि मधल्या चौकावर कपडे वाळत घालायची एकच दोरी, कप्पीवर फिरणारी. मिम्मीचा गणवेश माझ्या खिडकीशी यायचा आणि प्रोकोलोचे वासाचे सदरे तुझ्या. तू सकाळी स्वयंपाकघराच्या सामाईक भिंतीवर दोनदा ठोकलंस की मी कॉफी चढवायची. इम्माला कांजिण्या आल्या तेव्हा तू सात दिवस आमच्याकडे जमिनीवर झोपलीस, कारण मला आधी येऊन गेल्या नव्हत्या. माझी बहीण असती तरी तिने एवढं केलं नसतं. हे मी एवढ्या वर्षांत विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला, एल्विरा. नाही जमलं.

आणि मग ती नाताळची आदली सकाळ. एकोणीसशे ब्याऐंशी, चोवीस डिसेंबर, दहा वाजलेले. गर्दी इतकी की मी पण गाळ्यामागे माकूल साफ करायला बसले होते. रांग कोपऱ्यापर्यंत. प्रोकोलो रंगात आला होता, वामी टबातून उड्या मारत होत्या आणि तो त्यांच्याशी सुद्धा भांडत होता. शाळेतल्या मास्तरीणबाईंना बेल्ला. मठातल्या स्वयंपाकघराच्या सिस्टरना, "सिस्टर, देवाचं नशीब मोठं, बेल्ला!" त्या लाजून हसल्या. मग दोन्ना ब्रिजिदा, ऐंशीची, मिशा माझ्या सासऱ्यांपेक्षा दाट. "ये गं बेल्ला, तुझ्यासाठी कालपासून लपवून ठेवलीय." आणि तिच्यामागे तू. हिरवा कोट घातला होतास.

त्याने वाम उचलली. तोलली. डोकं खाली घालून कागदात गुंडाळली. म्हणाला, "एक किलो दोनशे." बस.

माझं लक्षही गेलं नसतं. मी हातातल्या माकुलाशी झटत होते. पण ब्रिजिदा अजून तिथेच पिशवी लावत उभी होती, आणि तिची जीभ तुला माहीतच आहे. "अरे प्रोकोलो, माझ्या मिशांनाही बेल्ला म्हणालास, मग ह्या पोरीने काय तुझं घोडं मारलंय? हिला का नाही?" सगळी रांग हसली. मी पण हसले, खरं सांगते. आणि त्याने म्हणायला हवं होतं. एक शब्द, तोही दिवसातून पाचशे वेळा तोंडातून गळणारा. म्हणाला असता तर आपण तिघंही वाचलो असतो. त्याने तोंड उघडलं. मी पाठीमागून बघत होते, मला फक्त त्याचे कान दिसत होते. ते हळूहळू लाल झाले. मग त्याने सुरी एप्रनला पुसली आणि विचारलं, "पुढे कोण?"

रांगेतलं हसू थांबलं. तू कागदाचं पुडकं घेतलंस आणि सुटे न घेता निघालीस. आणि मग सगळ्याजणींनी वळून बघितलं. तुझ्याकडे नाही. माझ्याकडे.

मी त्याला त्या दिवशीही विचारलं नाही आणि नंतरही नाही. लोकांना वाटतं बायका भांडतात, रडतात, भांडी फेकतात. मी माकूल साफ केले, घरी गेले, नाताळचा स्वयंपाक केला. विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं, ही भीती होती. दोन दिवसांनी मी बाल्कनीत कपडे वाळत घालायला लोखंडी घोडा आणला आणि आपल्या दोरीवरचे माझे चिमटे काढून घेतले. तू भिंतीवर ठोकायचीस, मी नळ सोडायची. मधात घोळलेल्या नाताळच्या गोड गोळ्यांची बशी घेऊन तू तीनदा दारात आलीस, हे मला माहीत आहे, कारण तीनही वेळा मी दाराच्या आत श्वास धरून उभी होते. तिसऱ्या वेळी तू दाराला म्हणालीस, "ओलिंपिया, मी काय केलंय ते तरी सांग." मला सांगता येण्यासारखं काही नव्हतंच. तू काही केलं नव्हतंस. तुला एक शब्द म्हटला गेला नव्हता, एवढाच तुझा गुन्हा. हे बाहेर कुणाला सांगावं तर लोक पोट धरून हसतील. बाकीच्या बायका नवरा दुसरीला सुंदर म्हणतो म्हणून रडतात, आणि ही?

पण मी त्याच्याशी वीस वर्षं संसार केला होता. तो शब्द म्हणजे त्याच्या तोंडात धंद्याचं नाणं होतं. ते त्याने सगळ्यांना दिलं, मलाही दिलं, भरभरून दिलं. तुझ्यापुढे त्याला ते काढायची लाज वाटली. चेहरा बघून म्हणायचं नाही, असं सासऱ्यांनी शिकवलं होतं ना? त्याने तुझा चेहरा बघितला होता.

पुढच्या वर्षी पायाखालच्या ज्वालामुखीने गावाची जमीन वर यायला लागली, भिंती तडकल्या, सरकारने ट्रक पाठवले. तुझं नाव मोंतेरुशेल्लोच्या नव्या घरांच्या यादीत आलं आणि आमचं नाही. मी मेणबत्ती लावली, कशासाठी ते देवाला विचार. तुझं कपाट ट्रकवर चढेना तेव्हा प्रोकोलो खाली गेला. मी खिडकीतून बघत होते. त्याने आणि मिम्मीने कपाट चढवलं, त्याने दोरी बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. तू पुढे ड्रायव्हरशेजारी बसलीस. तो तुला काही म्हणाला नाही. तू त्याला काही म्हणाली नाहीस. ट्रक गेला आणि तो वर येऊन जेवायला बसला, आणि मी ताट वाढलं तर मला म्हणाला, बेल्ला. त्या दिवशी मला वाटलं, आपण त्याच्या डोक्यात ते ताट घालावं. वाटलं आणि मी मीठ पुढे केलं.

तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं. बसने वीस मिनिटं. मिम्मी गेला तेव्हा मी चर्चमध्ये आले होते. शेवटच्या खांबामागे उभी होते. तुझी पाठ दिसत होती, केस पांढरे झाले होते तुझे. मिम्मीची पेटी बाहेर निघायच्या आत मी निघाले. प्रोकोलोला मी सांगितलं की दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. तोही गेला होता चर्चमध्ये का, मला माहीत नाही. गेला असेल तर दुसऱ्या खांबामागे असेल.

आता एक गोष्ट मी तुला लिहून देते, कारण तोंडाने मला कधी जमायची नाही. तुमच्यात काही नव्हतं. हे मला आज कळलेलं नाही, मला तेव्हाही माहीत होतं. तो पहाटे चारला लिलावाला जायचा, दोनला घरी यायचा, जेवायचा, झोपायचा. त्याच्या दिवसातला एकही तास असा नव्हता ज्याचा पत्ता मला नव्हता. तुमच्यात काही असतं तर बरं झालं असतं, मी तुझ्या झिंज्या धरल्या असत्या, लोकांनी सोडवलं असतं, वर्षभराने आपण बोलायला लागलो असतो. काही नव्हतं म्हणून तर ते संपेना. मला हेवा वाटत होता, एल्विरा. माझ्या वाट्याला आलेले हजारो बेल्ला मी एका ताटात घालून तुला दिले असते, आणि तुझ्या वाट्याचं ते एक गप्प बसणं मागून घेतलं असतं. इतका हेवा. आणि त्यापायी मी माझी एकुलती एक मैत्रीण दाराबाहेर उभी केली. तुला माहीत होतं का, तुलाही काही वाटत होतं का, हे मी विचारत नाही. उत्तर देऊ नकोस.

आता तो मला दिवसातून दोनशे वेळा म्हणतो. बोलोन्याची पोरगी परवा म्हणाली, "किती भाग्यवान आहात हो, या वयातही तुम्हाला सुंदर म्हणतात." मी म्हटलं, बाई, तो एनिमालाही म्हणतो. ती गोरीमोरी झाली. चांगली मुलगी आहे, मी उगाच बोलले. पण रात्रंदिवस तो शब्द ऐकून माझे कान किटले आहेत. उशीच्या अभ्र्याला बेल्ला, मला बेल्ला, खिडकीतल्या कबुतराला बेल्ला. मी काही शोधत बसत नाही आता त्यात. त्याला बेडशीट बदलून हवं असतं, मी बदलते.

तर हे पत्र कशासाठी ते सांगते, म्हणजे तुला ते टेबलावर ठेवून विचार करता येईल, फ्रिजवर नको. इम्माच्या कागदांमध्ये एक पान असं आहे की, रुग्णाला घरी ठेवायचं असेल तर दुसऱ्या जबाबदार माणसाचं नाव लिहा. ते माणूस तू हो. सोमवार ते शुक्रवार सकाळी उचलायला जुस्तिनाचा जावई यायला तयार आहे, ते मी बघितलंय. तू फक्त बुधवारी आणि शनिवारी दहा ते बारा ये. बस थेट बंदरावर येते. त्याच्या डाव्या बाजूला बसायचं, उजवीकडचं त्याला दिसत नाही. पाणी पावडर घालून घट्ट करायचं, चमच्याने द्यायचं, घाई केली तर ठसका लागतो. बाजाराबद्दल बोललीस तर ऐकतो. कोण मेलं, कुणी गाळा विकला, आज वामी आल्या का. टाळ्या वाजवू नकोस, हे तुला सांगायची गरज नाही, आणि म्हणूनच मी तुला लिहिते आहे. त्याच पानावर रुग्णाशी नातं असा एक रकाना आहे. तिथे मी शेजारीण लिहिते, चालेल ना? त्या दोन तासांत मी घरात नसेन. केस कापून घेईन, धक्क्यावर बसेन, नाहीतर चर्चमध्ये जाऊन शेवटच्या बाकावर झोपेन. सहा महिन्यांत सलग दोन तास झोपलेले नाही. तुमचं तुम्ही बसा. तो तुला बेल्ला म्हणेल. मनाला लावून घेऊ नकोस, तो चमच्यालाही म्हणतो. म्हणाला, तर मी परत आल्यावर मला सांग, आपण दोघी कॉफी पिऊ आणि हसू. आणि नाही म्हणाला, तुझ्याकडे बघून नुसता गप्प बसून राहिला, तर तेवढं मला सांगू नकोस.

तुझीच, अजून तसं म्हणवून घेशील तर,
ओलिंपिया